गैरसमज नसावा, ब्लॉक करत आहे

विश्वास ठेवायचा कुणावर, तुम्हीच सांगा... दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसावर, की स्वतःच्या तोंडाच्या जागी उगवत्या सूर्याचा फोटो लावून रोज पहाटे 'शुभ सकाळ' घालून जाणाऱ्यावर? कारण आमच्या सूनबाईचं म्हणणं असं, की ज्याचं तोंड दिसत नाही त्याला हाकलताना काही वाटून घ्यायचं नसतं, बोट लावायचं आणि मोकळं व्हायचं. बोट लावायचं म्हणे. मी म्हटलं, अगं पोरी, गादीच्या धंद्यात माझी हयात गेली, आजवर दुकानातून एका माणसाला 'जा' म्हटलेलं नाही मी, आणि तू मला एवढ्या लोकांना एका बोटाने रस्त्यावर काढायला सांगतेस... बरं, काढतो, पण काढताना तोंड कसं करायचं? तर म्हणते, "बाबा, फोनला तोंड दिसत नाही." फोनला दिसत नसेल हो. मला माझं आतून दिसतं, त्याचं काय?

तुम्ही कधी भर दुपारी गादीच्या दुकानात बसला नसाल म्हणून सांगतो. बाहेर रस्त्यावर काय वाट्टेल तो गोंधळ असू दे, शेजारच्या चावीवाल्याची कानस करकरतेय, पलीकडचा न्हावी रेडिओ लावून गिऱ्हाइकाशी वाद घालतोय, बसवाला हॉर्नवर हात ठेवून उभाय... आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की सगळं कापसात मुरतं. आवाज आत येतो, गादीवर बसतो आणि उठतच नाही. मागच्या खोलीत शिवणाऱ्या मावशी टाके घालत असतात, दाभण आत गेल्याचा एक 'सुक्', मग दोरा ओढल्याचा 'सर्र'... सुक्, सर्र... सुक्, सर्र... आणि वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येते ना, तिच्यात कापसाचे तंतू तरंगत असतात, वर जातात, खाली येतात, कुणाला कुठे पोचायची घाई नाही, बघत बसलं की आपण दुकानदार आहोत, आपल्याला काही विकायचंय, हेच माणूस विसरतो. गिऱ्हाईक येतं, हाताने गादी दाबून बघतं. मी म्हणतो, हाताने काय कळणार, तुम्ही काय हातावर झोपता? निजून बघा. मग लाजत लाजत चपला काढतात, पाठ टेकतात, छताकडे बघतात, आणि तिथेच डोळे लागतात पुष्कळांचे. लागले तर आमच्याकडे उठवत नाहीत. अर्धं शटर ओढायचं आणि आपणही जरा लवंडायचं, ही आमची रीत. एक बाई तर नुसती उशीची खोळ बघायला आत आली होती, दिवेलागणीला तिचा नवरा चौकशी करत आला... उशी घेतली पण तिने. दोन घेतल्या.

तर अशा दुकानाचं पेज काढायचं सूनबाईच्या मनात आलं. हल्ली लोक डब्यात गुंडाळून आलेल्या फोमच्या गाद्या घेतात ना, डबा फोडला की फुस्स करून फुगते ती, त्यामुळे आमच्याकडची वर्दळ आटली होती. सूनबाई म्हणाली, "बाबा, लोक आता गादी फोनवर बघतात." मी म्हटलं, बघतात ठीक आहे, निजतात कसे फोनवर? पण पोर हुशार, कामाची, तिने मावशींच्या हातांचे फोटो काढले, उशांची चळत काढली, उन्हाच्या तिरिपीतल्या कापसाचा तर असा फोटो काढला की मलाच जांभई आली, आणि पेज चालू केलं.

आणि लोक आले हो. गिऱ्हाइकं नाही आली, लोक आले.

सगळ्यात आधी आला तो सूर्य. रोज पहाटे, प्रत्येक फोटोखाली, 'शुभ सकाळ'. उशीखाली शुभ सकाळ, रजईखाली शुभ सकाळ. अरे बाबा, आम्ही झोपेचा माल विकतो, तू लोकांना उठवतोस कशाला? मग आल्या चहावाल्या ताई, म्हणजे साधा चहा नव्हे, वजन उतरवायचा चहा. 'गादी दबते आहे का? आमचा चहा घ्या.' मग एक नशीब उघडून देणारा, त्याचं रोज एकच, 'आज तुमचं नशीब उघडणार, फक्त मला मेसेज करा.' मग आमच्या सौभाग्यवतींचे बंधू, म्हणजे माझा मेव्हणा, तो प्रत्येक गादीखाली स्वतःचा गॉगल लावलेला फोटो टाकायचा आणि लिहायचा, 'भाऊजी, कसा दिसतोय?' आणि शेवटी एक होता, त्याच्या फोटोच्या जागी अर्धा चंद्र. नाव नाही, गाव नाही. तो प्रत्येक फोटोखाली एवढंच विचारायचा, 'झोप येईल का?'

पहिल्यांदा मी मनापासून उत्तर दिलं, 'येईल.' दुसऱ्या फोटोखाली पुन्हा, 'झोप येईल का?' मी लिहिलं, 'नक्की येईल.' तिसऱ्याखाली पुन्हा. 'गाढ येईल साहेब.' पुन्हा. मी विचारलं, 'सध्या कशावर झोपता आपण?' उत्तर आलं, 'कुशीवर.' आता यापुढे माणसाने काय विचारायचं? पण गंमत बघा, दुपारी दुकानात कुणी नसलं की मी त्याच प्रश्नाकडे बघत बसायचो... झोप येईल का... असं वाटायचं, कुठेतरी एका खोलीत एक माणूस पाठीवर पडलाय, खोलीत काही हलत नाही, पडदासुद्धा नाही, आणि तो छताला विचारतोय, आणि छत त्याला म्हणतंय, मला काय विचारतोस, गादीवाल्याला विचार.

हे असंच चाललं असतं. मला कुणाचा काही त्रास नव्हता. पण एक दिवस अतिथिगृह चालवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. केस करडे, पाठ ताठ, चष्मा साखळीला. टाके बोटाने मोजल्यासारखे तपासले, मावशींकडे बघून मान हलवली, म्हणाल्या, "आमच्या सगळ्या खोल्यांच्या गाद्या बदलायच्यात. सोमवारी तुमचं पेज नीट बघते आणि ठरवते." मी म्हटलं, बाई, दुकान समोर आहे, पेज कशाला? तर म्हणाल्या, "दुकान काय, कुणीही झाडून ठेवतं. तुमच्याकडे कुणाची ऊठबस आहे ते पेजवर कळतं." आणि गेल्या.

मागच्या खोलीतलं सुक्-सर्र थांबलं. मावशी दारात आल्या. म्हणाल्या, "मालक, हे काम आलं तर ठीक. नाही आलं तर मी लेकीकडे राहायला जाते. ती कधीची बोलावतेय. दाभण तुम्ही सांभाळा." आता मावशींशिवाय आमचं दुकान म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, कापसाचा ढीग आणि मी. तसे टाके घालणारं माणूस आता सापडत नाही, आणि मला दाभण धरता येत नाही, मी विकणारा. त्या गेल्या की मीसुद्धा डबे फोडून फुस्स विकायला मोकळा.

सूनबाईने पेज उघडलं, वरून खालपर्यंत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे काय अड्डा आहे की दुकान? शुभ सकाळ, चहा, नशीब, मामांचे गॉगल, आणि हा एक, झोप येईल का, झोप येईल का... हे वाचून कोण आपली गादी घेईल? सोमवारच्या आत सगळे ब्लॉक करायचे." आणि तिने मला शिकवलं, इथे बोट, मग इथे बोट, झालं. मी म्हटलं, आणि त्यांना सांगायचं कधी? म्हणाली, "सांगायचं नसतं." मी म्हटलं, म्हणजे माणूस उद्या सकाळी येणार, शुभ सकाळ म्हणायला तोंड उघडणार, आणि समोर दुकानच नाही? न्हावी आहे, चावीवाला आहे, आणि मध्ये सपाट भिंत? "हो बाबा, तसंच." अहो, धंद्यात वाढलो मी. उधार बंद करायचं असलं तरी बोलावून, पाणी देऊन सांगायचं, असं शिकलो. बरं, काढतो, पण काढताना तोंड कसं करायचं?

म्हणून मी काय केलं, प्रत्येकाला आधी नोटीस दिली. स्वतः बसून लिहिली, दुकानाच्या फोनवरून, सूनबाईला न विचारता. 'स.न.वि.वि. आपण आमच्या पेजवर नियमित येता याबद्दल आभारी आहोत. तथापि काही अपरिहार्य कारणामुळे आपल्याला रविवारपासून ब्लॉक करण्यात येत आहे. तरी गैरसमज नसावा. येणंजाणं असू द्यावं. लोभ असावा.' सूनबाईने नंतर वाचलं तेव्हा ती खाली बसली. "बाबा, ब्लॉक करत आहे, आणि येणंजाणं असू द्यावं?" मी म्हटलं, मग, एकदम तोडायचं का?

आता नोटीस म्हटली की उत्तर येणारच ना. सूर्याचं उत्तर पाच मिनिटांत. कोण निघाला, निवृत्त घड्याळजी. लिहितो, 'मालक, जन्मभर लोकांची घड्याळं लावून दिली, त्यामुळे पहाटेच जाग येते. घरात सगळे दहाला उठतात. मग शुभ सकाळ म्हणू कुणाला? तुमच्याकडे निदान उशा ऐकून घेतात.' आता याला ब्लॉक करा तुम्ही. करा, मी बघतो. चहावाल्या ताई तर थेट दुकानातच हजर, हातात पुडा. "दादा, माझ्याकडून काही चुकलं का?" मी म्हटलं, छे हो, चुकलं कसलं, बसा. त्या बसल्या, मग जरा आडव्या झाल्या, मग पाय वर घेतले... उठल्या तेव्हा संध्याकाळ झालेली. वर पुडा ठेवून गेल्या. कडू जहर आहे तो चहा, पण त्यांचं मन मोडवेना, रोज पितोय. नशीब उघडणाऱ्याने लिहिलं, 'सर, रविवारपर्यंत थांबा, शनिवारी तुमचं उघडणारच आहे.' म्हटलं, बघू या, शनिवारपर्यंत काय हरकत आहे.

आणि मेव्हणा. त्याने उत्तर मला नाही दिलं, बहिणीला दिलं. घरी आलो तर ताट वाढलेलं, पण वाढणारी दिसेना. मग आतून आवाज आला.

"माझ्या भावाला नोटीस पाठवलीत?"

"सगळ्यांनाच पाठवली गं."

"सगळे आणि तो सारखेच का? त्याला स.न.वि.वि. लिहिता? घरच्या माणसाला?"

"मग काय लिहायला हवं होतं?"

"आशीर्वाद लिहायचा. लहान आहे तो तुमच्याहून."

म्हणजे ब्लॉक करायला तिची हरकत नव्हती बघा, मायना चुकला होता. मी नवीन नोटीस लिहिली, 'अनेक आशीर्वाद, तुला ब्लॉक करत आहे.' तेव्हा तर दोन दिवस डाळच अळणी. मी तरी काय करणार, तुम्ही सांगा... दार लावायला आपल्याला कुणीही शिकवतं, बोट इथे ठेव, तिथे ठेव, पण लावताना तोंड कसं करायचं?

राहिला अर्धा चंद्र. त्यालाही तीच नोटीस. मला वाटलं आता हा विचारणार, का, कशाला, माझं काय चुकलं, आणि मी तयारच होतो, उत्तरसुद्धा मनात लिहून ठेवलं होतं. त्याचं उत्तर आलं एकच शब्दाचं. 'बरं.'

बस, एवढंच. भांडण नाही, विनंती नाही, पुडा नाही. आता जो माणूस 'बरं' म्हणतो त्याला थांबवायचं कसं? त्याने सोपं करून दिलं की हो सगळं. मी बोट लावलं, दुसऱ्यांदा लावलं, आणि झालं. एवढ्या सगळ्यांत माझ्या हातून ब्लॉक झाला तो एकटाच. अर्धचंद्रालाच अर्धचंद्र दिला म्हणा ना. जे ओरडले ते राहिले आणि जो गुमान उठला तो गेला... दुकानात असं झालं असतं तर मी त्याच्या मागे अनवाणी धावलो असतो. पण फोनमध्ये धावायचं कुठल्या बाजूला?

बाकीच्यांचं रविवारी सूनबाईने उरकलं. चहा गाळून कपात पडेपर्यंत. एका हातात गाळणं, दुसऱ्या हातात फोन, टक, टक, टक... घड्याळजी गेले, ताई गेल्या, नशीब गेलं, मामा गेले, ही म्हणते, "बाबा, साखर?"

मी तिला विचारलं, ही सगळी आता जातात कुठे? ती म्हणाली, "कुठे नाही जात. ती आहेत तिथेच असतात. त्यांना फक्त आपण दिसत नाही." हे ऐकल्यापासून, तुम्हाला सांगतो, माझी दुपारची झोप गेली. गादीवाल्याची झोप. अंगाखाली पहिल्या प्रतीचा कापूस, वर पंखा, अर्धं शटर, मावशींचं सुक्-सर्र, सगळं जागच्या जागी, आणि डोळा लागेना. म्हणजे आपण त्यांना काढलंच नाही की हो, आपणच त्यांच्यातून उठून गेलो. मला दिसायला लागलं... एक मोठं, पांढरंफटक मैदान, जमिनीवर कापूस अंथरल्यासारखं, त्यात ही सगळी फिरतायत. घड्याळजी ताईंना शुभ सकाळ म्हणतायत, ताई त्यांना चहा देतायत, ते 'अरे वा, उत्तम' म्हणून पितायत, तोंड वाकडं न करता. माझा मेव्हणा गॉगल लावून नशीबवाल्यापुढे उभा, कसा दिसतोय, आणि नशीबवाला म्हणतोय, उघडल्यासारखा दिसतोयस. मजेत आहेत सगळे. आणि लांब एका कडेला एक माणूस नुसता बसलाय, मी हाक मारायला जातो, तर तोंडातून आवाज येत नाही, कापूस येतो... मी दचकून बघतो तर पंखा फिरतोय. झोपलो नव्हतो बरं का. जागेपणी हे.

सोमवार उजाडला. पेज कसं, तर धुऊन वाळत घातल्यासारखं. एक कमेंट नाही. मावशींनी त्या दिवशी दाभणच काढलं नाही, पिशवी भरून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळ गेली, जेवणं झाली, आणि फोन वाजला. बाईंचा. सूनबाईने स्पीकर लावला.

"अहो, तुमचं पेज दिसत नाही."

सूनबाई म्हणाली, "मॅडम, फोन एकदा बंद करून चालू करता का?"

"माझ्या फोनवर दिसतंय. वडिलांच्या फोनवर दिसत नाही. आणि गाद्यांचं आमच्याकडे तेच बघतात."

मी मध्ये तोंड घातलं. "वडील का हो बघतात, बाई?"

"मग कोण बघणार? बाकी सगळे झोपतात. झोपलेल्याला गादीतलं काय कळतंय? प्रत्येक खोलीत एकेक रात्र पडून, टक्क जागं राहून, गादी कशी आहे ते सांगणारं आमच्या घरात तेच एक माणूस आहे. तुमचं पेज तर दिवसभर उघडून बसलेले असायचे. रविवारपासून गप्प आहेत. विचारलं तर म्हणतात, दुकान उठलं वाटतं तिथून."

सूनबाई माझ्याकडे बघतेय, मी मावशींकडे, मावशी पिशवीकडे. मी हळूच विचारलं, "बाई... त्यांच्या फोटोच्या जागी अर्धा चंद्र असतो का हो?"

"तुम्हाला कसं माहीत?"

आता सांगा. आता तोंड कसं करायचं?

मी म्हटलं, बाई, आमच्या फोनमध्ये जरा बिघाड झालाय, वडिलांना घेऊन दुकानातच या. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. शिडशिडीत म्हातारा, हातात काठी, इस्त्रीचा सदरा, आणि डोळे असे स्वच्छ, टक्क, की जन्मल्यापासून मिटलेच नसावेत. बाई त्यांना दारात सोडून बँकेत गेल्या. आजोबांनी मला आपादमस्तक बघितलं.

"ब्लॉक करणारे ते तुम्हीच का?"

"हो."

"नोटीस छान लिहिता."

लाजेने मी कापूस झालो. म्हटलं, आजोबा, गैरसमज... ते म्हणाले, "नाही, नाही. लोभ असावा म्हणून लिहिलं होतंत, तो आहे. कुठली गादी दाखवताय?" मी आमची सगळ्यात चांगली गादी दाखवली. काठी कडेला ठेवली, चपला जुळवून ठेवल्या, आणि पाठीवर पडले, हात छातीवर. मी शेजारच्या गादीवर टेकलो. म्हटलं, आता लागतील डोळे. मावशी पडद्याआडून बघतायत, सूनबाईने श्वास रोखलाय. कुठलं काय. आजोबा टक्क.

"डाव्या खांद्याखाली कापूस जरा दाटलाय," म्हणाले. मावशी आतून म्हणाल्या, "आहे खरं." मग म्हणाले, "छत चांगलं आहे तुमचं. मला छतं पुष्कळ माहीत आहेत. आमच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या छताला एक चीर आहे, नदीसारखी, खिडकीपासून निघते आणि दिव्यापाशी नाहीशी होते. मी तिच्या काठाकाठाने चालत जातो. वरच्या मजल्यावर ओल आलीय, तिथे आधी घोडा होता, आता त्याचं गलबत झालंय. जिन्याशेजारच्या खोलीत काहीच नाही, नुसता चुना. तिथे मात्र कंटाळा येतो. तिथे मी उजेड सरकताना बघतो... रस्त्यावरून गाडी गेली की उजेडाचा एक पट्टा या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो, सावकाश, मग कोपऱ्यात वळतो, मग छतावर चढतो..." त्यांचा आवाज म्हणजे कसा, मऊ, जुन्या रजईसारखा, एकसारखा, आणि मागे मावशींनी कुतूहल संपवून पुन्हा दाभण हातात घेतलेलं, सुक्, सर्र... आणि तो पट्टा माझ्या डोळ्यांसमोरून चाललाय, भिंतीवरून, कोपऱ्यातून, नदीच्या काठाने, गलबतात चढला... आणि मी म्हणतोय, आजोबा, पुढे?... असं म्हणतोय असं मला वाटतंय...

जागा झालो तर दुकानात दिवे लागलेले. अंगावर रजई. अर्धं शटर ओढलेलं. गल्ल्यापाशी आजोबा खुर्ची टाकून बसलेत, दुकानाचा फोन हातात, समोर एक गिऱ्हाईक उभं, त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवतायत, हळू बोला. मी धडपडत उठलो. सूनबाई हसू दाबत होती, तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. तिने आजोबांना आत घेतलं होतं पुन्हा, आणि त्यांनी सगळ्यात वरच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'झोप येते. मला नाही, मालकाला. घोरतात.'

आणि त्याखाली, तुम्हाला सांगतो, इतकी माणसं जमली होती की पेज सुरू झाल्यापासून कधी नाही. 'खरंच का?' 'पत्ता द्या.' 'मालक विकायला आहेत का?' बाई बँकेतून आल्या, त्यांनी मला रजईत बघितलं, वडिलांना खुर्चीत बघितलं, चष्मा साखळीला सोडला. सगळ्या खोल्यांच्या गाद्या आपल्याकडेच करायच्या म्हणाल्या. फक्त डाव्या खांद्याकडे लक्ष द्या म्हणाल्या, आणि एक अट. "वडिलांना दुपारचं इथे बसू द्या. पेज ते बघतील. एवढं हसलेलं मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं." मावशींनी पिशवी खुंटीला अडकवली. मी कशाला नाही म्हणतो?

पण मला काय ठाऊक, म्हातारा असा निघेल. पहिल्याच दुपारी मी म्हटलं, आजोबा, आमचे जुने लोक, घड्याळजी, ताई, सगळ्यांना परत आत घेऊ या, तुमच्यासारखंच. तर माझ्याकडे टक्क बघून म्हणाले, "कशाला? लोक झोपायला येतात इथे." आणि नवीन कुणी जरा मोठ्याने बोललं की बोट. कुणी फूल पाठवलं, बोट. कुणी 'जागे आहात का' विचारलं, बोट. नोटीस नाही, स.न.वि.वि. नाही, लोभ नाही. मी म्हटलं, अहो, निदान तोंड तरी कसंतरी करा. म्हणाले, "मी आयुष्यभर छताकडे तोंड करून पडलोय, मला वेगळं तोंड येत नाही." मेव्हणा नवीन नावाने आला, गॉगल बदलून. ओळखला आणि काढला. घरी डाळ पुन्हा अळणी.

पण विक्री वाढली, नाही म्हणत नाही. मावशींना हाताखाली एक बाई घ्यावी लागली. अतिथिगृहाच्या निम्म्या खोल्या झाल्याही, आणि आजोबा म्हणतात, नदीच्या खोलीत परवा पहाटे त्यांना मिनिटभर काहीतरी झालं, झोप होती की काय कुणास ठाऊक. आणखी झोप लागली का, ही चौकशी पेजवर करायला म्हणून मी सकाळी लवकर उठलो, माझ्या स्वतःच्या फोनवरून पेज उघडलं, इतकं शांत, इतकं स्वच्छ, नुसत्या उशा आणि उशांवर ऊन... मला त्या घड्याळजींची एकदम आठवण झाली हो. कुणी बोलेना, कुणी हलेना. माझ्याच्याने राहवलं नाही, मी उशीखाली लिहिलं, 'शुभ सकाळ.'

दुपारी बघतो तर दिसेना. वर केलं, खाली केलं, फोन बंद करून चालू केला. न्हावी आहे, चावीवाला आहे, मध्ये आमचं दुकान नाही. आजोबा समोरच बसले होते. मी म्हटलं, आजोबा, तो मी होतो. म्हणाले, "माहीत आहे." मग म्हटलं, सोडा की आत. म्हणाले, "मालकासाठी वेगळा नियम केला तर लोक काय म्हणतील?" सूनबाई म्हणाली, "बाबा, बरोबर आहे त्यांचं." मी काय म्हणणार? म्हटलं, बरं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी अजून तिथे आत असाल, तर माझ्यासाठी एवढं करा... फार बोलू नका, फूलबीळ पाठवू नका, गुपचूप एका उशीशी बसा आणि आजोबा रोज कुणाकुणाला काढतात त्याचा हिशेब तेवढा खरा ठेवा, कमी नाही, जास्त नाही. मालक आहे मी त्या पेजचा, मला कळायला नको?